आंदणाच्या खोक्यातलं पांढरं झुरळ

मोहाडीच्या तलावाकडचा सगळा मोहल्ला त्या रविवारी सकाळी यशोदाबाईंच्या अंगणात लोटला होता. मधे पाटावर स्टीलची थाळी, थाळीत पालथा घातलेला काचेचा ग्लास आणि ग्लासाखाली एक झुरळ. झुरळाचं कसलं आलंय कौतुक? पण हे दुधासारखं पांढरंशुभ्र होतं.

"नीट बघून घ्या!" करणी उतरवायला बोलावलेले भैयाजी महाराज गरजले. "हे झुरळ नाही, करनीचा म्होरक्या हाय! आपण मंतर मारतो, याची ताकद जाते, अन् हा साधा किडा बनते. बोलो जय!"

लोकांनी घसा फोडून जय म्हटलं. महाराजांनी ग्लासावर लाल फडकं टाकलं. भजन रंगलं, नारळ फुटले, चहा दोनदा फिरला. दुपारी त्यांनी फडकं ओढलं, तर झुरळ तपकिरी! शेजारच्या शकुबाईंनी तर तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

"लग्नाच्या आधी या घरी इतकी झुरळं होती का, बाई?" महाराजांनी विचारलं.

"नाही जी," यशोदाबाई हात जोडून म्हणाल्या. "सून आली अन् रांधनखोली भरून गेली."

"मंग करनी आंदणातून आली. सून अन् आंदण, दोन्ही माहेरी धाडा. नाही तं पोराच्या जिवावर बेतन."

यशोदाबाईंचा तो एकुलता पोरगा, भूपेश, खांबाला टेकून उभा होता. गावच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. नवी सून रंजू दारातून त्याच्याकडे बघत होती.

"तुमी तं शाळेत शिकवता ना जी," ती म्हणाली. "सांगा ना यायले."

भूपेशला उत्तर माहीत होतं. पण समोर आई होती, पोरांचे पालक होते, सगळा मोहल्ला होता. त्याने मान खाली घातली आणि तो चपलेचा अंगठा बघत राहिला. मग आत जाऊन यशोदाबाईंनी सुनेच्या साड्या पेटीत कोंबायला घेतल्या, तो आवाज त्याला ऐकू येत होता.

रंजू रडली नाही. ती आत गेली आणि कपाटावरचं एक खोकं उचलून अंगणात घेऊन आली. आमच्याकडे आंदणाची खोकी कोणी फेकत नाही. सुनेच्या बापाने काय काय दिलं ते आल्यागेल्याला दिसावं, म्हणून मिक्सरचं, पंख्याचं, कुकरचं खोकं कपाटावर रचून ठेवतात. तिने आणलेलं पंख्याचं खोकं उलटं करून झटकलं; झाडताना त्यात तिला असंच पांढरं झुरळ दिसलं होतं. झुरळं सैरावैरा पळाली, आणि त्यांत एक पांढरंही निघालं. तिने ते दुसऱ्या ग्लासाखाली कोंडलं.

"हा दुसरा म्होरक्या का, महाराज? याले मंतर नका मारू. फडकंबी नका टाकू. अशेच पाहू."

"आपल्याले दुसरीकडे कार्यक्रम हाय," महाराज झोळी उचलायला लागले.

"बसा ना जी," लोटांगणातून उठलेल्या शकुबाई म्हणाल्या. "आमी सकाळपासून बसलो नाही का?"

सगळे ग्लासाकडे डोळे लावून बसले. पांढरं झुरळ आधी पिवळसर झालं, मग बदामी, आणि ऊन उतरता उतरता चांगलं तपकिरी. मंत्र नाही, नारळ नाही. महाराज लघवीच्या निमित्ताने उठले ते परत आलेच नाहीत.

मग भूपेशचं तोंड उघडलं. मादी डबीसारख्या कोषात अंडी घालते आणि कोष खोक्याच्या घडीत, लाकडाच्या फटीत राहतो. त्यातून बिनपंखी पिल्लं निघतात. वाढताना ती अनेकदा कात टाकतात, आणि कात टाकल्यावर अंग काही तास पांढरंच असतं. फवाऱ्याने मोठी मरतात, कोषातली वाचतात, म्हणून लोकांना वाटतं करणी परत आली. खोकी जाळा, सुकी मासळी टोपलीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, रात्री उष्टी भांडी आणि ओल ठेवू नका, फटी बुजवा. बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा सांदीत ठेवा, आणि नवी पिल्लं निघतात म्हणून पुन्हा पुन्हा ठेवा. सगळं अगदी बरोबर सांगितलं त्याने. वर्गात सांगतो तसं.

यशोदाबाईंनी सुनेचे हात धरले. "चुकली वं माय मी."

"तुमाले माहीत नव्हतं, आई," रंजू म्हणाली. "यायले माहीत होतं."

भूपेशला जमीन दुभंगावी असं वाटलं. महाराजांनी लोकांना फसवलं, पण बायकोची पेटी भरली जात असताना गप्प उभा राहिला तो मात्र स्वतःच. त्याने खोकी अंगणाबाहेर नेऊन काडी लावली. रंजू बघायला आली नाही.

चमत्कार दिसला तर फडकं काढून बघू द्या म्हणावं, आणि बघू देत नसतील तर हात जोडू नयेत. ज्याला कारण ठाऊक आहे, त्याने ते भर गर्दीत, आवाज कापत असला तरी, त्याच वेळी सांगावं. ज्याच्यावर बोट रोखलेलं असतं, त्याला ते तेव्हाच हवं असतं.