खंडेनवमीचं खोकं

कस्टमच्या साहेबांचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि राधाकृष्णानं त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं सरळ होतं. स्वीडनहून आलेला तुमचा माल मुंबईच्या गोदीत पडून आहे. तो कापलेला पुठ्ठा समजायचा की तयार खोकी? शिवाय तुम्ही पाठवलेल्या नमुन्यावर तो कोणत्या देशात बनला हे दिसत नाही. त्या जागी लाल डाग आहे. खुलासा करावा.

नागापूरच्या ज्या लहानशा कारखान्यात तो कारकून होता, तिथे बागेच्या कात्र्या बनत. स्वीडनच्या गिऱ्हाइकानं कात्र्या मागवल्या आणि त्या भरायला आपलीच छापील खोकी, घडी घालून सपाट केलेली, बोटीनं धाडली. नमुन्यादाखल थोडी आधी टपालानं आली, ती ऐन खंडेनवमीच्या तोंडावर. मग कानशी-हातोड्यांच्या रांगेत, खोक्यांत माल भरणाऱ्या लंकाबाईनं एक खोकंही मांडलं आणि सगळ्यांबरोबर त्यालाही ओल्या कुंकवाचं बोट लावलं. पुढे कस्टमनं नमुना मागितला तेव्हा पूजेतलंच खोकं पाठवणं राधाकृष्णाला शुभ वाटलं. ‘स्वीडनमध्ये तयार’ ही बारीक अक्षरं त्या बोटाखाली गेलीत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आता तो रोज जकातीचं जाडजूड पुस्तक उघडी. सकाळी वाचलं की माल पुठ्ठा वाटे, दुपारी वाचलं की खोकी. कात्र्या तयार होऊन पडल्या होत्या आणि भरणीच्या खोलीतल्या बायका हात बांधून बसल्या होत्या.

“भाऊसाहेब,” लंकाबाई दारात येऊन म्हणाली, “मुकादम सांजच्याला नाक्यावर येतोय. ऊस तोडायला यायचं का न्हाई, आजच सांगा म्हनतोय.”

लंकाबाई जामखेडकडची. दरसाल दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा पहिल्यांदाच नागापुरात खोली घेतली होती आणि पोरगी इथल्या शाळेत जात होती. खोकी सुटली नाहीत तर भरणी बंद, आणि भरणी बंद तर पुन्हा बैलगाडी.

“पत्राचं उत्तर अडलंय,” राधाकृष्ण खालमानेनं म्हणाला. “कस्टमच्या साहेबाला कुंकू कसं सांगायचं? हसेल तो बहुधा.”

“हसंना का. हसल्यालं मानूस सही लवकर करतंय.”

तिच्या मागून मुक्ताबाईनं डोकं काढलं. ही भरणीतली दुसरी, तोंडानं तिखट. “आन दुसरं काय अडलंय?”

“हे खोकं म्हणायचं की पुठ्ठा, ते.”

“तुमी कधी हातात घेऊन घडी मोडून बगितलंय का?”

त्यानं बघितलं नव्हतं. पुस्तकात तसं करा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मुक्ताबाईनं एक सपाट घडी त्याच्यापुढे टाकली. राधाकृष्णानं चष्मा सारखा केला, कडा दाबल्या, पाकळ्या आत ढकलल्या. जे तयार झालं ते कशासारखंच दिसत नव्हतं.

“टोपी झाली जनू,” मुक्ताबाई म्हणाली. “मालकाच्या डोक्याला बसंल.”

भरणीतल्या सगळ्या बायका दाराशी जमून हसायला लागल्या. राधाकृष्णाचे कान लाल झाले, पण का कोण जाणे, त्यालाही हसू आवरेना. कुणी सांगायच्या आत त्यानं घडी पुन्हा उलगडली, दुसऱ्या बाजूनं दाबली, आणि तळाच्या पाकळ्या एकमेकींत टक् करून बसल्या. त्यानं आत कात्री ठेवली आणि खोकं उचललं. तळ धरून होता.

“खळ नाही, सुरी नाही, दोरा नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्यानं, “अहो, मला जमलं. म्हणजे हे खोकंच.”

तो टाइपरायटरपाशी बसला. माल तयार खोक्यांचा आहे. ती चिकटवावी वा कापावी लागत नाहीत, आमच्या कारकुनालाही नुसत्या घडीनं जमली. आत जाणाऱ्या कात्र्या भारतात बनलेल्या, खोकी मात्र स्वीडनची. लाल डाग कुंकवाचा आहे. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, तीत खोक्यालाही मान मिळाला. सोबत कोरा नमुना जोडला आहे.

मालक काकासाहेबांनी पत्र वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. “हे कारकुनाचं ठेवायचं?”

“काढू का?”

“राहू दे. खरंय ते.” त्यांनी सही ठोकली.

संध्याकाळी राधाकृष्ण पाकीट घेऊन नाक्यावरच्या टपालपेटीकडे निघाला. लंकाबाई बरोबर होती. पलीकडे लिंबाखाली मुकादम विडी ओढत उभा होता.

“काय सांगू त्याला?” तिनं विचारलं.

“सांगा, यंदा नाही येत म्हणून.” नेहमीचं ‘बहुधा’ या वेळी त्याच्या तोंडून आलंच नाही.

लंकाबाई रस्ता ओलांडून गेली. काहीतरी बोलली, मुकादमानं हात उडवले, आणि ती पदर सावरत परत आली. राधाकृष्णानं पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं घातलं होतं आणि दुसरं टोक चिमटीत धरून तो तसाच उभा होता.

“सोडा की आता, भाऊसाहेब,” ती म्हणाली.

त्यानं सोडलं.