अनोळखी स्त्रीस्वर

अब्बांना आपण शोधून काढलं, असं रेकॉर्ड कंपनीवाला सलिल सगळीकडे सांगू लागला तेव्हाच मला ते खटकलं होतं. अब्बा हरवले कधी होते? बुधवार पेठेत चाळीस वर्षं त्यांचं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं आणि पाटीवर त्यांचं नाव होतं. शोधायला कुणी आलं नाही, एवढंच.

दुकानाच्या आधी, तरुणपणी, अब्बा ब्लूज आणि सोल हे अमेरिकन संगीत वाजवायचे. गिटार, ऑर्गन, माउथ ऑर्गन, ड्रम, सगळं एकटेच. एकेक वाद्य वेगळं वाजवून, एकावर एक रेकॉर्ड करून त्यांनी दोन एलपी काढल्या. त्यात दुसरं माणूस एकच, माझी अम्मी, हुस्नबानू. ती मागून गाते आणि गाणं सावरून धरते. एलपी कुणी घेतल्या नाहीत. अब्बा दुरुस्तीकडे वळले. अम्मी सहा वर्षांपूर्वी गेली.

यंदा सलिलच्या कंपनीनं दोन्ही एलपी नव्यानं काढल्या. प्रकाशन कोथरूडच्या एका सभागृहात होतं. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन अब्बांना घेऊन गेले. त्यांना शाल दिली, पगडी घातली. पगडी भाड्याची असावी. आधीच्या सत्कारमूर्तींच्या तेलाचा वास मला पहिल्या रांगेपर्यंत येत होता. एक वक्ते विस्मृतीच्या गर्तेबद्दल पंचवीस मिनिटं बोलले. अब्बांचं नाव त्यांनी दोनदा चुकवलं. शेजारच्या बाई डोळे टिपत होत्या आणि टिपता टिपता स्वतःचाच फोटो काढत होत्या.

मी एलपीचं कव्हर उलटून पाहिलं. मागे छापलं होतं, ‘स्त्रीस्वर : अनोळखी.’

अम्मीचं नाव अब्बांनी सलिलला माझ्यासमोर फोनवर सांगितलं होतं. मी ते लिहूनही पाठवलं होतं. चहाच्या वेळी मी कव्हर अब्बांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि सलिलला हाक मारली. तो हसत आला. चूक नाही म्हणाला, मुद्दामच तसं ठेवलंय.

“काका, नाव नसलं की मिस्टरी राहते. लोकांना ते आवडतं.”

अब्बांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

“पंचेचाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो मी,” ते म्हणाले. “मिस्टरी कसली?”

त्यांनी पगडी काढून बिस्किटांच्या ताटलीशेजारी ठेवली, शालीची घडी घातली आणि निघाले. दीडशे एलपींवर सह्या राहिल्यात म्हणत सलिल पायऱ्यांपर्यंत मागे आला. तू कर, असं अब्बांनी त्याला सांगितलं आणि माझ्या स्कूटरवर बसले.

आठवड्यानं कुरिअर आलं. कव्हरवर चिकटवायला स्टिकर होते, सोबत सलिलची दिलगिरीची चिठ्ठी. स्टिकरवर ‘हुस्नाबाई’ असं छापलेलं.

फोन लावून चार शब्द सुनवावेत म्हणून मी उठले. अब्बा नको म्हणाले. त्यांनी स्टिकरचा गठ्ठा उलटा करून टेलिफोनखाली ठेवला, निरोप लिहायला कोरी बाजू उपयोगी पडेल म्हणून. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि आपल्या दोन्ही प्रतींवर, छापलेली ओळ खोडून, अम्मीचं नाव उर्दूत लिहिलं. अक्षर नीट आलं.

बाहेर गेलेल्या प्रतींवर ती अजून अनोळखीच आहे.