कात्री रविवारी येणार होती

माझे केस कापायचं ठरलं ते आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, आणि मी तेव्हा शेजारच्या खोलीत पलंगावर टक्क जागी होते. माझा खांदा मोडलाय, कान नाही. मुलगी दबक्या आवाजात सांगत होती की बाबा, आता दुसरा इलाज नाही, रविवारी मी पार्लरवालीला घरीच घेऊन येते, मानेपर्यंत कापून टाकू, म्हणजे तिचीही सुटका आणि आपलीही. 'ती' म्हणजे मी. आमचे हे काय बोलतात त्याची मी वाट बघत पडले होते. नळ बंद केल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

यांचा स्वभावच तो. घरमालकाला तुम्ही म्हणाल तसं, ऑफिसातल्या साहेबाला तुम्ही म्हणाल तसं, आणि मुलगी कमावती झाल्यापासून मुलीलाही तेच. यांनी ठामपणे नाही म्हटलेलं मी फक्त कारल्याच्या बाबतीत ऐकलं आहे.

पंखा पुसायला मी स्टुलावर चढले होते. कशाला चढलीस, हे आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही. उजवा खांदा गेला आणि डावं मनगटही. कित्येक आठवडे उताणी पडून होते. गोळी, चहा, भाताचा घास, सगळं यांनी वेळच्या वेळी केलं, त्यात मी खोट काढणार नाही. पण केसांचं काय करायचं ते यांना सुचलं नाही आणि मलाही तेव्हा सांगायचं भान नव्हतं. कमरेखाली येणारे केस उशीखाली ढकलून ठेवलेले. डोकं इकडून तिकडे झालं की ते घासत राहायचे.

या केसांबद्दल एवढं कसलं कौतुक, असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. मी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते. फोन करणाऱ्यांना माझा आवाज माहीत होता आणि खोलीत डोकावणाऱ्यांना माझी पाठ. पाठीवर काय दिसणार, तर हा एवढा अंबाडा. मला तिथे अंबाडाबाई म्हणायचे. माझ्यामागे म्हणायचे, पण ऐकणं हाच माझा धंदा होता. मला ते नाव आवडायचं. कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, सरळ माझ्या डोक्यावरून पडलेलं नाव.

डाव्या मनगटाचं प्लास्टर निघालं त्या दिवशी मुलगी मोठ्या हौसेने आली. ती एका हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करते. हाताखाली बरीच माणसं आहेत आणि घरी आली की आम्ही दोघंही त्यांत धरले जातो. तिने पलंगाच्या कडेला टब लावला, माझे सगळे केस डोक्यावर गोळा केले, शाम्पू ओतला आणि चादर चोळावी तसे खसाखसा चोळले. मला बरं वाटत होतं म्हणून मीही गप्प राहिले. मग टॉवेलात पिळून घट्ट गुंडाळले. टॉवेल सोडला तेव्हा केस नव्हतेच, जुन्या पायपुसण्यासारखा एक गोळा होता. तिने फणी घातली, मी ओरडले. तिने दुसरीकडून घातली, मी त्याहून मोठ्याने ओरडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ती लगेच काहीतरी ठरवून टाकते.

स्वयंपाकघरातला निकाल घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मी सांगितलं की मी केस कापून घेणार नाही. तिने मला शांतपणे समजावलं. केस काय, परत वाढतील. खांदा सुटायला किती महिने जातील ते डॉक्टरही सांगत नाहीत, उजवा हात वर जात नाही, डावं मनगट अजून वळत नाही, मग विंचरणार कोण? तिला नोकरी सोडून रोज येता येणार नाही. तिचं सगळं खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. माझ्या वयाला केस वाढत नाहीत, जाताना मात्र चटकन जातात, हे तिला कुठून माहीत असणार. जाताना तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, रविवारी लवकर येते.

यांच्याशी मी बोलणं टाकलं. तोंड उघडायचं ते फक्त घासापुरतं. माझी बडबड यांना सहन होत नाही, पण माझं गप्प राहणं त्याहून सहन होत नाही. जेवणाच्या शेवटी चमचा ताटलीत ठेवून यांनी विचारलंच, की माझं काय चुकलं ते तरी सांग.

"आंघोळ कधी ते ती ठरवते," मी म्हणाले. "गोळी कधी ते डॉक्टर ठरवतात. खिडकी उघडी की बंद ते तुम्ही. माझ्याकडे हे एवढं डोकं राहिलंय. ते मी कुणाच्या ताब्यात देणार नाही. आणि तुम्ही ते ओट्यापाशी उभं राहून देऊन टाकलंत."

यांनी ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाले, "आता मी काय करू, ते सांग."

"मोठ्या दातांची फणी शोधा."

इथे यांच्याबद्दल एक सांगायला हवं. हे पार्सल ऑफिसात होते. तिथे गाठी सोडवत बसायला कुणाला वेळ? खिशात ब्लेड, गाठ दिसली की कच्च. ती खोड घरी आली. बुटाची नाडी, पिठाच्या पिशवीचा दोरा, साडीच्या खोक्याची सुतळी, मी नखांनी सोडवून गुंडाळून ठेवणारी आणि हे कापून मोकळे होणारे. यावर आमची भांडणं झाली आहेत. आणि आता माझे केस अशा माणसाच्या हाती जाणार होते. दुसरा माणूस घरात नव्हता.

सकाळी यांना कंडिशनर आणायला पाठवलं. हे शाम्पू घेऊन आले. परत पाठवलं. दुकानातली मुलगी हसली म्हणे, आणि कुणासाठी हवंय ते विचारत होती. दुसऱ्या खेपेला बरोबर बाटली आली. मी खिडकीपाशी खुर्चीत बसले, हे मागे उभे राहिले. बाकीचे केस बाजूला धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे घेतले. माझ्या डोक्याची कपडे वाळत घालायची दोरी झाली होती.

पहिलाच हात यांनी वरून घातला. मी खुर्चीतून उडाले.

"अहो, खालून! टोकांपासून सुरू करा आणि मग वर या. वरून ओढलंत की सगळ्या गाठी खाली जाऊन त्यांची एकच मोठी गाठ होते."

मग एकेक शिकवत गेले. दोन बोटांएवढीच बट घ्यायची. थोडी ओली करायची, कंडिशनर हात न आखडता चोपडायचं. आधी बोटांनी फाकवायचं, फणी नंतर. गाठीच्या वर केस मुठीत आवळून धरायचे, म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला बसत नाही. माझे हात गेले होते, पण जीभ शाबूत होती, आणि आयुष्यभर मी जिभेवरच पोट भरलं होतं. हे मागून हं हं करत होते. पहिली बट सुटायला इतका वेळ लागला की चहा करायचा राहून गेला.

थोड्या वेळाने हं हं थांबलं. कागदाची चुरचुर ऐकू आली. काय लपवताय, मी विचारलं.  हे बारीक आवाजात म्हणाले, "बरेच आलेत गं." मी पुढ्यात आणायला लावलं. वर्तमानपत्रात केसांचा हा एवढा पुंजका होता आणि यांचा चेहरा उतरलेला. मला हसू आलं. माणसाचे केस रोजच गळतात, हे इतक्या आठवड्यांचे होते, पडायला जागा नव्हती म्हणून गुंत्यात अडकून बसले होते. तुम्ही उपटले नाहीत, ते आधीच सुटलेले होते, असं मी सांगितलं तेव्हा हे पलंगावर मटकन बसले आणि त्यांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी मात्र यांचा धीर सुटला. कानामागची एक गाठ काही केल्या हलेना. माझी मान अवघडली होती, यांची कंबर. तेवढ्यात मला मागे ब्लेडचा कागद उलगडल्याचा आवाज आला.

"ब्लेड ठेवा."

"एवढीशी तर गाठ आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

फणी खाली आपटली आणि हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी अर्ध्या डोक्याला चिमटे लावून बसून राहिले. उठता येत होतं, पण उठून करणार काय? आरशात जाऊन बघायची छाती झाली नाही. आता संपलं, असं मला वाटलं. रविवारी पोरगी येणार, म्हणणार मी सांगितलं होतं ना, आणि मला मान खाली घालावी लागणार. रडू येत होतं आणि नाक पुसायला हात पोचत नव्हता. इतकी चीड आली मला, यांची, पंख्याची, त्या स्टुलाची.

हे आत आले ते सरळ माझ्यासमोर. ब्लेड कागदात नीट गुंडाळून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुझ्याकडेच राहू दे," म्हणाले, आणि मागे जाऊन फणी उचलली. ती गाठ त्यांनी जेवायच्या आधी सोडवली. नंतर जेवताना मला कौतुकाने तीनदा सांगितलं.

शनिवारी सुटलेले केस धुतले. चोळायचे नाहीत, डोक्यावर गोळा करायचे नाहीत, वरून तांब्याने पाणी सोडायचं आणि हात फक्त खाली उतरवायचा. टॉवेलही नको, जुना सुती सदरा घेऊन नुसते टिपायचे. वाळल्यावर यांनी बोटं फिरवली. कुठेही अडली नाहीत. "मऊ झालेत," हे म्हणाले, आणि काम संपलं होतं तरी हात काढला नाही. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत यांनी दिवसाउजेडी माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता.

रविवारी सकाळी एकच गाठ उरली होती. मानेवर, जिथे उशी घासते तिथे, अक्रोडाएवढी आणि तितकीच टणक. हे तिच्यामागे लागलेले असतानाच बेल वाजली.

मुलगी आत आली, मागे पार्लरवाली आणि तिची काळी बॅग. मुलगी दारातच थांबली. खुर्चीच्या पाठीवरून माझे केस खाली सुटलेले, उन्हात. ती जवळ आली, एक बट हातात घेतली, सोडली, परत घेतली. मग तिने बापाकडे पाहिलं. बाह्या वर केलेल्या, चष्म्याच्या काचेवर कंडिशनर.

छान झालेत, ती म्हणाली, आणि खाली बसली. मला वाटलं जिंकलो. पण पोरगी माझीच आहे. "आज झालं, आई. उद्या? पुढच्या महिन्यात? रोज कोण करणार?"

 या प्रश्नाला मी सगळे दिवस बगल देत आले होते.

"मी करणार," हे म्हणाले.

"बाबा, तुम्हाला दोन मिनिटं धीर धरवत नाही."

 पार्लरवालीने माझ्या मानेशी वाकून पाहिलं आणि म्हणाली की ही एक गाठ आतल्या बाजूला आहे, तेवढी कापली तर बाहेरून दिसणारही नाही. तिने कात्री काढली. माझी मान सकाळपासून ठणकत होती. काप बाई, मी म्हणाले, तेवढी एक काप.

यांनी गाठीवर हात ठेवला.

"बाबा, आई स्वतः सांगतेय," मुलगी म्हणाली.

हे खुर्चीला वळसा घालून पुढे आले, एक हात तसाच माझ्या मानेवर. "तुला कापायचीय," त्यांनी मला विचारलं, "की तू दमलीस म्हणून म्हणतेयस?"

या आजारपणात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ विचारलं होतं. दुखतंय का, जेवलीस का, कशाला चढलीस. हे कुणी विचारलं नव्हतं. 

"दमले म्हणून," मी म्हणाले.

"मग थांबू. चहा घेऊ आणि परत लागू." मग हे मुलीकडे वळले. "कात्री नको. तू हात धुऊन ये."

ती बघतच राहिली. पण उठली. पार्लरवालीने कात्री बॅगेत टाकली आणि चहा आपणच करते म्हणाली. आमचा चहा झाल्यावर यांनी मुलीला माझ्यामागे उभं केलं, चिमटे तिच्या हातात दिले, बोटं कंडिशनरमध्ये बुडवायला लावली. तिने वरून हात घातला.

"अगं, खालून," हे इतक्या जोरात म्हणाले की पार्लरवालीच्या बशीत चहा सांडला.

तिने खालून घेतलं. गाठीच्या वर केस मुठीत धरले, पण धरले न धरल्यासारखे.  मला दुखवायची भीती वाटत होती तिला.

"घट्ट धर," मी म्हणाले. "मोडायचं ते मोडून झालंय."