भागिरथाबाईची हायकोर्टातली तारीख

वाशीमच्या एका सहकारी बँकेत भागिरथा अकरा वर्षांपासून झाडलोट करी, पाणी भरी. चौऱ्याहत्तर साली बँकेतल्या लोकांनी पगारवाढ आणि महागाई भत्त्यासाठी दावा लावला, तेव्हा बँकेतलाच कारकून आणि युनियनचा सेक्रेटरी दौलतराव याने यादीत शेवटी तिचंही नाव घातलं. औद्योगिक न्यायालयाने सगळ्यांना भत्ता मंजूर केला. बँकेने बाकीच्यांचा मुकाट्याने मान्य केला, पण भागिरथेच्या नावावर घोडं अडलं. ही बाई बँकेची नोकर नव्हेच, असं म्हणून बँक थेट नागपूरला हायकोर्टात गेली.

"मावशी, सोमवारी तारीख हाय. तुले याच लागते," दौलतराव म्हणाला.

"मी कायले? तिथं समदे इंग्रजीत बोलतेत म्हणे."

"बोलू दे. ज्याच्यासाठी भांडन चालू हाय तो मानूस कसा दिसते, हे तं जजसायबाले दिसू दे!"

भागिरथेला हसू आलं. शनिवारी बँक बंद करून ती घरी गेली आणि रविवारी सकाळी जयंतीला नेसायचं पांढरंशुभ्र लुगडं नेसून, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून निघाली. अकोल्याला गाडीत चढून बघते तर समोरच्या बाकावर बँकेचे मॅनेजर बबनराव! त्यांनी घाईने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. पण बडनेरा गेलं, फडकं सुटलं आणि ठेच्याच्या वासाने त्यांची मान आपोआप वळली.

"घ्या सायेब," भागिरथा म्हणाली. "कोर्ट उद्या हाय. आज तं जेवा."

बबनराव दोन भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात बँकेचा वकील पुष्कळ वेळ बोलला. भागिरथेने दौलतरावाला कोपराने ढोसलं. "काय म्हनून राह्यला?"

"म्हनते, हे बाई आली काय अन् न आली काय, बँकेले काई फरक पडत नाई."

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. बाळंतपणातसुद्धा तिने आपल्या जागी बहिणीला पाठवलं होतं. ती खाली मान घालून बसली.

एवढ्यात वकिलाचा मुनशी धापा टाकत आला आणि चिठ्ठी देऊन गेला. ती वाचून वकील पुढचं वाक्यच विसरला.

"काय झालं?" जजसाहेबांनी विचारलं.

वाशीमहून ट्रंककॉल आला होता. अकरा वाजून गेले तरी बँक उघडली नव्हती. लोक रस्त्यावर उभे होते आणि कॅशियर पायरीवर बसला होता.

"का उघडली नाही?" आता जजसाहेब मराठीत बोलू लागले.

बबनराव चाचरत उठले. "साहेब, दाराची चावी... या बाईंकडे आहे."

भागिरथेचा हात कमरेला खोचलेल्या चावीकडे गेला. "अगं माय!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की सगळं कोर्ट वळलं.

"दुसरी चावी नाही?"

"आहे साहेब. आत, तिजोरीत."

वकीलमंडळी खो-खो हसली. जजसाहेबांनी फाइल तोंडापुढे धरली. मग म्हणाले, "बाई, चावी रोज तुमच्याकडेच असते?"

"मीच उघडतो ना सायेब, अन् मीच लावतो. अकरा वर्सं झाले. शिरपूरचे लोक पयल्या गाडीनं येतेत, उन्हात उभे असतीन बिचारे. मले जाऊ द्या."

"थांबा थोडं." जजसाहेब वकिलाकडे वळले. "त्या न आल्याने फरक पडत नाही, असं आपण म्हणत होता ना?"

वकील खाली बसला. बँकेचा अर्ज फेटाळला गेला, आणि भागिरथेचा भत्ता बाकीच्यांबरोबर कायम झाला. तिकडे वाशीममध्ये दुपारी लोहार बोलावून कुलूप तोडावं लागलं.

मंगळवारी बबनरावांनी स्वतः हजेरीचं बुक तिच्यापुढे ठेवलं. सगळ्यांच्या खाली तिचं नाव ताज्या शाईत लिहिलं होतं. भागिरथेने एकेक अक्षर कोरत सही केली, पण पेन काही परत केला नाही.

"आता काय?" बबनरावांनी विचारलं.

"कालची माही रजा मांडा सायेब. भरपगारी."

दौलतराव टेबलाआड तोंड लपवून हसत होता. बबनरावांनी कपाळाला हात लावला, मग स्वतःच हसत अर्जासाठी कोरा कागद काढला.