मिठबावच्या फोनांतला जुना पत्ता

किशोरीने त्या दिवशी दुपारी बारा वाजता 'बोटखबर'चा सर्व्हर बदलला, तोही ॲप क्षणभरही बंद न पाडता. नवा सर्व्हर सुरू केला, ॲपचं नाव त्याच्या पत्त्याला जोडलं आणि जुना खबरदारी म्हणून चालू ठेवला. मिठबावला घरी बसून ती मुंबईच्या कंपनीचं काम करायची. हे ॲप मात्र गावासाठी होतं. बोट बंदराला लागली की ती चालवणारा तांडेल नोंद करी आणि घरच्यांना ती दिसे.

चारच्या सुमारास वारा उठला. तेवढ्यात शेजारची नर्मदाकाकी अनवाणीच धावत अंगणात आली.

"किशोरी, बघ गो! शेजारी म्हणतत, तेंच्यो बोटी लागल्यो. माझ्या फोनार आमची अजून समुद्रात."

किशोरीने आपल्या फोनवर पाहिलं. गंगारामकाकांची बोट दोन वाजताच देवगड बंदरात शिरली होती. "काकी, काका देवगडाक पोचले. सगळे सुखरूप आसत."

काकीने स्वतःचा फोन पुढे धरला. त्यावर 'समुद्रात' असंच होतं. काकांचा फोन बंद लागत होता.

"माका समजावू नको," काकी म्हणाली. "तुझ्या आवशीकय लोकांनी असांच सांगितल्यानी. बोट येतली, येतली म्हणान."

किशोरीची आई अशीच वाट बघत राहिली होती. बाबांची बोट आली नव्हती, म्हणूनच तर तिने हे ॲप केलं होतं.

मग तिच्या ध्यानात आलं. काकीच्या फोनने जुना पत्ता लक्षात ठेवला होता आणि तो अजून जुन्याच सर्व्हरला विचारत होता. तिथे बारानंतरची एकही नोंद नव्हती. पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा, ती मुदत दिवसभराची होती. ती आदल्या दिवशीच कमी करायला हवी होती.

तिने काकीला खुर्चीत बसवलं, लॅपटॉप उघडला आणि जुन्या सर्व्हरकडे येणारी प्रत्येक विचारणा नव्याकडे वळवली. पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ काकी तिचा खांदा धरून होती.

"आता बघ."

काकीने फोन डोळ्यांजवळ नेला. 'देवगड बंदर' हे शब्द तिने दोनदा मोठ्याने वाचले आणि पदरात तोंड लपवून रडली.

"माझां चुकलां, काकी," किशोरी म्हणाली. "तुका दिसलां ताच तू सांगितलंस. माझांच ॲप खोटां बोलत होतां."

काकीने डोळे पुसले. "आणखी कोणाक असांच दिसलां?"

जुन्या सर्व्हरच्या नोंदीत दुपारपासूनचे एकोणीस फोन सापडले. नव्या सर्व्हरवर त्यांच्या सगळ्यांच्या बोटी बंदराला लागलेल्या होत्या. किशोरीने पहिला, विनीताचा नंबर लावला. काकीने फोनसाठी हात पुढे केला.

"हाड हयसर. माझ्यार विश्वास ठेवतली." आणि पलीकडून आवाज येताच ती म्हणाली, "विनीता, भियाव नको गो. दीपेश पोचलो."