पायाखालची चमक

गाडी आधी नाकाने धुवायची, मग हाताने, असं मला हे काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे. दार उघडलं की पहिल्यांदा वास घ्यायचा. ओल्या पायपुसणीचा वास वेगळा, सीटवर सांडलेल्या दुधाचा वेगळा. कुठे हात घालायचा ते त्यावरून कळतं. आतलं आधी, बाहेरचं नंतर. छतापासून खाली उतरायचं आणि सगळ्यात शेवटी पायाखालचं. पहिल्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली होती. हात जिथे धरतात आणि पाय जिथे टेकतात तिथे पॉलिश लावायचं नाही. स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि खालची तीन पेडलं. बाकीची गाडी नवरीसारखी सजवा, या पाच जागा म्हाताऱ्या दिसल्या तरी चालतील.

अडतीस वर्षं मी ते पाळलं. मोडलं ते एकदाच.

पेट्रोल पंपाच्या मागे माझी जागा आहे. वर पत्रा, दोन नळ, फवाऱ्याचं एक यंत्र आणि फडकी वाळत घालायला लांब तार. वकीलबाईंची पांढरी गाडी बारा वर्षं माझ्याकडे येत होती. अशील आधी वकिलाची गाडी बघतो आणि मग वकील, असं बाईंचं मत. त्यामुळे गाडी बारा वर्षांची झाली तरी काल दुकानातून आणल्यासारखी दिसली पाहिजे. ती दिसायचीही. अनोळखी माणसं मला विचारायची, नवीन घेतली का बाईंनी. मी नुसती मान हलवायचो. खोटं बोललो नाही, आणि खरं सांगायची घाईही केली नाही.

ती गाडी चालवायचे आमचे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. तरुणपणी ते बोटीवर नोकरीला होते, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणतात. बोटीवर ते स्वयंपाकघरात कांदे सोलायचे, पण ही गोष्ट सून झाल्यावर माझ्या मुलीला कळली आणि तिच्याकडून मला. मी ती जपून ठेवली आहे. व्याह्याची अशी एखादी गोष्ट हाताशी असावी.

कप्तान एकसष्ट वर्षांचे. कडक इस्त्रीचा शर्ट आणि चामडी तळव्यांचे बूट, तेही रोज स्वतः पॉलिश केलेले. गाडी घ्यायला आले की खिशातून पांढरा रुमाल काढायचे, तो बोटाला गुंडाळून डॅशबोर्डच्या खाली फिरवायचे आणि उजेडात धरायचे. मग म्हणायचे, मुलगी चांगली दिलीत व्याही, पण काचेच्या कडेला साबण ठेवलात. मी म्हणायचो, तेवढा हुंडा समजा. असं आमचं चालायचं.

एकदा कप्तान रजेवर होते तेव्हा बाई स्वतः गाडी न्यायला आल्या. दार उघडून वाकून आत बघितलं. सगळं आवडलं, तसं बोलल्याही. मग हसत म्हणाल्या की गाडी तरुण झाली हो, फक्त पाय ठेवायची जागा तेवढी म्हातारी राहिली.

त्या सहज बोलल्या. मला मात्र ते लागलं. बारा वर्षं बाईंनी कधी खोट काढली नव्हती. पेडलांचं रबर करडं पडलं होतं, झिजलं होतं, हे मलाही दिसत होतं. उस्तादांची गोष्ट त्यांना सांगितली असती तर संपलं असतं. पण गिऱ्हाइकाला शिकवायला जाऊ नये असंही उस्तादच म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या घरी मोठी माणसं येणार होती आणि गाडी त्यांना आणायला जायची होती. मी सकाळी सहापासून लागलो. सीटच्या शिवणी दात घासायच्या ब्रशने साफ केल्या, एसीच्या जाळीतली धूळ कापसाने टिपली. डॅशबोर्डला दुधासारखं पांढरं पॉलिश लावलं. शेवटी खाली वाकलो तर फडक्यात थोडं पॉलिश उरलं होतं आणि बाईंचं ते वाक्य डोक्यात होतं. तिन्ही पेडलांवरून हात फिरवला. रबर काळंभोर झालं. मला इतकं बरं वाटलं की मी दोन पावलं मागे सरून पुन्हा बघितलं.

कप्तान आले. फरशीवर सगळीकडे पाणी होतं, त्यातून चालत ते गाडीत बसले. रुमाल फिरवला, काही सापडलं नाही. आज तुम्ही मला बोलायला जागा ठेवली नाही, म्हणाले, आणि गेले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बाईंच्या फाटकातून आत वळताना गाडी थांबली नाही, खांबावर आदळली. दिवा फुटला, पुढचा पत्रा चेपला, कुंड्यांचा चुरा झाला. कोणाला लागलं नाही. खांबाशी उभा असलेला रखवालदार उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. मुलगी सांगत होती की मामंजी बाईंच्या समोर गेले, चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, माझा पाय आता माझा राहिला नाही." बाईंनी काही दिवस विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. दुसरा ड्रायव्हर शोधायला मात्र सुरुवात केली.

तेव्हा कळलं की दोन-तीन महिन्यांपासून त्यांच्या उजव्या पायाला मुंग्या येत होत्या. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. ब्रेकवरून पाय सटकला तेव्हा त्यांनी दुसरा विचारच केला नाही. चोर घरातच आहे हे ठाऊक असल्यावर बाहेर कोण शोधतो.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी थोडं सुखही वाटलं. मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि माझे हातपाय धड होते.

नंतर मुलगी घरी आली तेव्हा तिने सांगितलेलं मात्र माझ्या मनातून जाईना. ती घरी शिवणकाम करते, तिची पायाची शिलाई मशीन आहे. दुपारी ती कामातून उठली की मामंजी तिथे जाऊन बसतात. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. उजवा पाय पट्टीवर ठेवतात, दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. अर्धा अर्धा तास. ती चहा घेऊन गेली तर म्हणाले, बघत होतो मशीनला तेल हवंय का. मुलगी म्हणाली, "बाबा, ते जेवताना पण ताटाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात."

गाडी गॅरेजमध्ये गेली होती. चेपलेला पत्रा सरळ झाला, नवा दिवा बसला, रंग झाला. सतरा दिवसांनी गॅरेजवाला ती माझ्याकडे घेऊन आला, कारण बाईंचा निरोप होता की ठोकर लागली होती हे कोणाला ओळखू येता कामा नये. गॅरेजवाला उन्हाळा असो की थंडी, अनवाणीच गाडी चालवतो. गाडी सोडून तो तसाच चालत गेला.

मी रबरी बूट घालून गाडीत बसलो. नळाच्या बाजूला चार हात पुढे घ्यायची होती. घेतली, ब्रेक दाबला आणि पाय साबणावरून सटकावा तसा बाजूला गेला. गाडी हळू होती, बादलीला लागून थांबली. बादली आडवी झाली, पाणी वाहून गेलं. मी आत बसून ते वाहताना बघत राहिलो.

थोड्या वेळाने उतरलो. साबणाचं फडकं घेतलं आणि खाली वाकून क्लच पुसायला लागलो. विचार करून घेतलं नाही, हाताला दुसरं काही येतच नाही. डाग दिसला की पुसायचा. क्लच पुसून झाला, करडा पडला, पूर्वीसारखा. फडकं ब्रेकवर नेलं आणि तेव्हा कळलं की मी काय करतोय. हे पुसलं की संपलं. बाईंना कळणार नाही, कप्तानांना तर जन्मात कळणार नाही. सोमवारी नवा ड्रायव्हर येईल, त्याचा पाय घसरणार नाही, आणि सगळे म्हणतील, बघा, दोष म्हाताऱ्याच्या पायातच होता.

मुलीचा सासरा. हे कळलं तर तिला तोंड कसं दाखवणार. आणि नाही कळलं तर मशीनची पट्टी खालीवर होत राहणार.

मी फडकं बादलीत टाकलं. पन्नाशीत मुलीकडून अक्षरं शिकलो, ती अजून मोठीच येतात. एका पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘ही गाडी चालवू नये’, आणि स्टिअरिंगवर अडकवलं. मग कप्तानांच्या घरी गेलो.

ते मशीनवरच होते. मी म्हटलं, चला जरा, काम आहे. कसलं म्हणून त्यांनी विचारलं नाही. वाटेत उजवा पाय बघून बघून टाकत होते.

गाडीत बसायला ते तयार होईनात. उभी आहे, इंजिन बंद आहे, चावी माझ्या खिशात आहे, असं तीनदा सांगितलं तेव्हा बसले. मी नळाचं थोडं पाणी त्यांच्या बुटाच्या तळव्याला लावलं. ब्रेक दाबा म्हटलं. दाबला, पाय सटकला. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, आता तोच पाय क्लचवर ठेवा. त्यांनी आडवा पाय नेऊन क्लच दाबला. पाय जागचा हलला नाही. त्यांनी जोर लावून बघितलं. मग पुन्हा ब्रेक, पुन्हा क्लच.

"क्लच मी आज पुसला," मी म्हटलं. "ब्रेकला माझं पॉलिश आहे, त्या दिवसाचं. पाय तुमचा गेला नव्हता, व्याही. अक्कल माझी गेली होती."

त्यांनी पाय पेडलावरून बाजूला घेतला. मग बूट काढला, मोजा काढला आणि उघड्या पायाची बोटं हलवून बघितली, लहान मुलाच्या पायाकडे बघावं तशी. शेवटी म्हणाले, "सतरा दिवस मी सुनेची मशीन हाणतोय. दोष नसताना पाय ऐकून घेत होता बिचारा."

मी म्हटलं, आता बाईंकडे जाऊ. तर ते नको म्हणाले. मला कळलं तेवढं पुरे आहे, तुमचं बारा वर्षांचं काम जाईल, मी म्हणेन पाय बरा झाला. मी म्हटलं, बरा झालेला पाय पुन्हा बिघडू शकतो, असंच त्या धरतील आणि उद्या जरा जोरात ब्रेक लागला की तुमच्याकडे बघतील. बोटीवर तुम्ही काय करत होतात ते मला माहीत आहे, आता तरी कप्तान व्हा आणि चला. त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. सुनेवर रागवायचं का हसायचं ते ठरेना, आणि त्या गोंधळात ते चालायला लागले.

बाईंनी ऐकून घेतलं. मग कोर्टात विचारतात तसं विचारलं, कधी लावलं, किती लावलं, आणखी कोणी बघितलं का. हे सांगून तुम्हाला काय मिळणार, असंही विचारलं. मी म्हटलं, मिळणार काही नाही, काम गेलं तर जाईल. त्या म्हणाल्या, दाखवा. आल्या, ओल्या चपलेने ब्रेक दाबला, आणि पाय सटकल्यावर स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी काहीतरी बोलले होते ना, पाय ठेवायच्या जागेबद्दल?"

"बोलला होतात," मी म्हटलं. "पण लावलं मी."

मग त्यांनी कप्तानांना विचारलं की पेडल घसरलं असं त्याच दिवशी का नाही सांगितलं. कप्तान म्हणाले, "बाई, पेडल बारा वर्षांत कधी घसरलं नव्हतं. पाय मात्र हल्ली कुरकुरत होता. मी त्याच्यावरच संशय घेतला."

बाईंनी सोमवारच्या ड्रायव्हरला नको म्हणून कळवलं. कप्तानांना मात्र डॉक्टरला दाखवून या, मगच चावी मिळेल, असं सांगितलं. ते बरोबरच होतं. डॉक्टरने पाय तपासला, मग त्यांना उठवून त्यांच्या मागच्या खिशातलं पाकीट बाहेर काढायला लावलं. त्यात वीस वर्षांच्या चिठ्ठ्या, जुनी ओळखपत्रं आणि बोटीवरचा एक फोटो. एवढ्या उशीवर दिवसभर बसल्यावर मुंग्या येतील नाहीतर काय. पाकीट शर्टाच्या खिशात गेलं आणि दोन आठवड्यांत मुंग्याही गेल्या.

मला बाई रागावल्या नाहीत. पण त्या दिवशी गाडीतून उतरताना एवढंच म्हणाल्या की यापुढे गाडी दुसरीकडे धुवायला देईन. फाटकाशी उभा होता तो रखवालदार त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि माझ्याही. मी हो म्हटलं.

आता कप्तान दर बुधवारी दुपारी चहाला येतात. गाडी माझ्या पत्र्याच्या बरोबर समोर उभी करतात. दुसरीकडची धुलाई मला लांबूनच कळते. काचेच्या कडेला साबणाची रेघ असते, दाराच्या खाचेत माती तशीच. मी फडकं उचललं की ते म्हणतात, बाईंचा हुकूम आहे, हात लावायचा नाही. आणि मुद्दाम सावकाश चहा पितात.

परवा जाताना त्यांनी दार उघडं धरलं आणि मला आत बघायला लावलं. तिन्ही पेडलं करडी होती. ब्रेकच्या रबरावर त्यांच्या बुटाने झिजलेला भाग दिसत होता, त्याच्या कडेला सुकलेली माती. बघून झालं का, म्हणाले. मी झालं म्हटलं. ते बसले, दार लावलं, आणि वळणावर गाडी हळू करून ब्रेकचा लाल दिवा मला दोनदा दाखवून गेले.