लूलाने उकळलेला नकाशा

अंजनाबाई रामटेके नागपूरहून अमेरिकेत कॅरीला लेकीकडे, उपासनाकडे आल्या, त्याला दीड महिना झाला होता. तेवढ्यात त्यांचं डिशवॉशरशी वाकडं आलं होतं आणि शेजारच्या कुत्र्याशी मेतकूट जमलं होतं. घरात एकटं बसून करायचं काय? म्हणून उपासना त्यांना रोज गाडीत घालून आपल्या कामावर नेऊ लागली. काळ्या मुलामुलींना दुसरीकडे दारं बंद होती तेव्हा त्यांच्यासाठी निघालेलं एक जुनं कॉलेज होतं, तिथल्या अभिलेखागारात ती होती. जुनी पत्रं, इमारतींचे नकाशे लावायचे आणि स्कॅन करायचे, हे तिचं काम. अंजनाबाई कोपऱ्यात स्वेटर विणत बसायच्या आणि विणता विणता सगळ्यांवर नजर ठेवायच्या.

सध्या उपासनाच्या डोक्याला एक ताप होता. कॉलेजच्या डायनिंग हॉलची शंभरी झाली होती आणि तिथे पितळी पाटी लागणार होती. जुन्या माहितीपुस्तकात नकाशे काढणारी म्हणून शहरातल्या एका कंपनीचं नाव होतं, तेच पाटीवर जायचं ठरलं होतं. त्यावर मिस पेटीफोर्ड भडकल्या. वय पंच्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, याच कॉलेजच्या. हॉलचा नकाशा माझ्या आजोबांनी, एलायजा पेटीफोर्डांनी काढला, ते इथे सुतारकाम शिकवायचे, असं त्या गेली तीस वर्षं सांगत होत्या. समिती म्हणाली, सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर मजकूर ओतायला जाईल. पण सहा नकाशांपैकी पाच निळ्या कागदी प्रती तेवढ्या सापडल्या होत्या आणि त्यांच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. नाव असणार ते पहिल्या नकाशावर, आणि नेमका तोच गायब.

गुरुवारी उपासनाला प्रिन्सिपलांचं एक जुनं पत्र मिळालं. ते घेऊन ती आईकडे धावली.

"आई, ऐक. ‘पहिला मूळ नकाशा पाठवू शकत नाही, क्षमस्व. लूला पेटीफोर्डने तो उकळला. तिला मी चांगलंच खडसावलं आहे.’ लूला म्हणजे एलायजाची बायको, कॉलेजची लाँड्री सांभाळायची. संपलं सगळं! नकाशा कोण उकळतं यार?"

"माझी आई उकळायची," अंजनाबाई म्हणाल्या.

उपासनाने पत्र खाली ठेवलं.

"अगं, मूळ नकाशा कापडावर असायचा. तुझे आजोबा पीडब्ल्यूडीत ट्रेसर होते ना, नकाशे गिरवायचे? बाद झालेले नकाशे घरी आणायचे. आई गरम पाण्यात खळ काढायची, की खाली मऊसूत मलमल! तुझ्या मामाची सगळी झबली त्याचीच. शाई काही पुरती जायची नाही, मग तो भाग आई आत दुमडून शिवायची. लूलाबाईला तेव्हा मूल झालं होतं का, ते विचार आधी."

उपासनाने तिथल्या तिथे फोन लावला. मिस पेटीफोर्डांचे वडील त्या पत्राच्याच वर्षी जन्मलेले निघाले. आणि हो, एक झबलं होतं. घरातल्या प्रत्येक बाळाला बाप्तिस्म्याला तेच घालत आले होते.

शुक्रवारी सकाळी मिस पेटीफोर्ड टोपीबिपी घालून, झबलं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून हजर झाल्या. उजेडाला धरलं तर खालच्या रुंद दुमडीत काहीतरी करडं दिसत होतं. उपासना म्हणाली, "उसवायचं तर जुन्या वस्तू जपणाऱ्या कन्झर्वेटरला विचारावं लागेल, फॉर्म भरावा लागेल..."

"झबलं माझं आहे," मिस पेटीफोर्ड म्हणाल्या. "तुझ्या आईच्या हातात सुई आहे. तिला दे."

भाषेची अडचण दोघींना मुळीच आली नाही. अंजनाबाईंनी चष्मा पुसला आणि टाका न् टाका सावकाश उसवला. वडिलांनी तीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे गिरवले, कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांची दोन अक्षरं असायची आणि ती कुणीही कधी वाचली नाहीत. आज त्यांना ते फार लागलं. दुमड उलगडली. फिकट, पण स्वच्छ अक्षरं होती. उपासनाने मोठ्याने वाचलं:

"डायनिंग हॉल. नकाशा पहिला. तपासणारा, ई. पेटीफोर्ड. आराखडा आणि रेखाटन..." ती थांबली. "एल. पेटीफोर्ड."

इंग्रजीतला ‘ई’ एलायजाचा. ‘एल’ होता लूलाचा.

"आजी?" मिस पेटीफोर्ड म्हणाल्या. "मी तिच्या मांडीवर वाढले. कधी एक शब्द बोलली नाही! आणि त्या प्रिन्सिपलने तिला तिच्याच नकाशासाठी खडसावलं?" मग त्या हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. अंजनाबाईही हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकदमच.

उपासनाने पाटीचा मसुदा पुढे ठेवला. मिस पेटीफोर्डांनी कंपनीच्या नावावर काट मारली. खाली सवयीने एलायजाचा ‘ई’ काढला, आणि पेन थबकलं. त्यांनी तो खोडला, ठळक अक्षरांत लूला पेटीफोर्ड लिहिलं आणि खाली, बारीक अक्षरांत, तपासणाऱ्याचं नाव.

"तीस वर्षं भांडले मी तुमच्यासाठी," त्या कागदावरच्या आजोबांच्या नावाला म्हणाल्या. "आता जरा सरका."